तिसरी वायर मोकळी सोडू नका: फॉगलाइट आणि डीआरएलची वायरिंग करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गाड्यांचे वायरमन, ॲक्सेसरी बसवणारे कारागीर आणि स्वतःच्या गाडीच्या वायरिंगला स्वतः हात घालणारे हौशी मालक

विषय: फॉगलाइट आणि डीआरएलच्या (डेटाइम रनिंग लाइट, म्हणजे दिवसा गाडी दिसावी म्हणून पुढे लागणाऱ्या दिव्याच्या) जोडण्या बदलताना मूळ सर्किटमधल्या अटी शाबूत ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

गिऱ्हाइकाची मागणी बहुतेक वेळा एका वाक्यात मावते. "फॉगलाइट पार्किंगशिवाय लागायला हवेत." "डीआरएल रात्रीही चालू राहू द्या, छान दिसतात." "फॉगलाइटच डीआरएल म्हणून जोडून द्या, वेगळा दिवा कशाला?" काम तासाभराचं असतं. दिवा लागला की गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि आपणही पुढच्या गाडीकडे वळतो. मी स्वतः याच कामातला माणूस आहे, आणि मला बोलायचं आहे ते दिवा लागल्यानंतरच्या गोष्टींबद्दल. तो कधी विझतो, त्याच्यासोबत दुसरे कोणते दिवे लागतात, आणि उद्या एखादी वायर घासली गेली तर काय जळतं, हे तीन प्रश्न आपण काम हातात घेतानाच विचारायला हवेत. ते विचारले जात नाहीत, असं माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गाड्या उघडल्यावर दिसतं.

सुरुवात डीआरएलपासून करतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे.

बाजारात मिळणाऱ्या डीआरएल किटमधून साधारण तीन वायरी निघतात. लाल, काळी आणि एक बारीक, वेगळ्या रंगाची. लाल सप्लायला, काळी बॉडी अर्थला जाते. तिसरी पार्किंगच्या (म्हणजे पुढचे छोटे दिवे आणि मागचे टेललाइट यांच्या) किंवा हेडलाइटच्या वायरीला जोडायची असते, म्हणजे ते दिवे लागले की डीआरएल विझतो किंवा मंद होतो. ती न जोडताही दिवा लागतो, म्हणून पुष्कळ गाड्यांत ती टेपने गुंडाळून बंपरच्या आत सोडून दिलेली सापडते. माझा या पत्रातला सगळा आग्रह त्या एका वायरीपाशी आहे.

डीआरएल हा समोरच्याने आपल्याला पाहावं म्हणून असलेला दिवा आहे. रस्ता उजळणं त्याचं काम नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 87 क्रमांकाच्या नियमात त्याची तीव्रता सरळ अक्षावर किमान 400 आणि कमाल 1200 कँडेला ठरवलेली आहे. भर उन्हात गाडी उठून दिसायला एवढी तीव्रता लागते. डिपरला, म्हणजे हेडलाइटच्या खालच्या झोताला, कटऑफ असतो, म्हणजे एका रेषेच्या वर प्रकाश फार जाऊ नये अशी त्याच्या काचेची किंवा रिफ्लेक्टरची घडण असते. डीआरएलला अशी रेषा नाही, कारण समोरच्याच्या नजरेत भरण्यासाठीच तो बनवला आहे. हाच दिवा अंधारात पूर्ण तेजाने चालू राहिला तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप येते. त्याला रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसेनासा होतो. गाडीवर कोणता दिवा कुठे आणि कसा असावा हे सांगणारा 48 क्रमांकाचा नियम म्हणूनच स्पष्ट सांगतो की हेडलाइट किंवा पुढचे फॉगलाइट लागले की डीआरएल आपोआप विझला पाहिजे. अपवाद फक्त अपर, म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, मारून दिलेल्या क्षणिक इशाऱ्याचा. काही गाड्यांत डीआरएल विझण्याऐवजी मंद होतो आणि पार्किंग लाइटचं काम करतो. ते नियमात बसतं, कारण मंद झाल्यावर त्याची तीव्रता पार्किंगच्या मर्यादेत आलेली असते. ज्यांना रात्रीही ती पांढरी रेघ दिसायला हवी आहे त्यांच्यासाठी हा रीतसर मार्ग आहे: मंद होणारं प्रमाणित युनिट घ्या आणि त्याची तिसरी वायर जोडा.

किटला तिसरी वायर नसली तरी विझण्याची जोडणी अवघड नाही. पाच पिनांचा साधा रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, पुरतो. 30 क्रमांकाच्या पिनेवर इग्निशन चालू असतानाच येणारा, फ्यूजमधून घेतलेला सप्लाय द्या. 87ए वरून डीआरएलला वायर न्या. 86 ला पार्किंगची वायर आणि 85 ला अर्थ. रिले निवांत असताना 30 आणि 87ए जोडलेले असतात, म्हणून दिवसा दिवा लागतो. पार्किंग लागलं की कॉइल ओढते, 87ए सुटतो आणि डीआरएल विझतो. पार्किंगची वायरच का घ्यायची, तर मूळ वायरिंगमध्ये डिपर, अपर किंवा फॉगलाइट यांपैकी काहीही लागलं तरी पार्किंग सोबत लागतंच. एका ठिकाणचा इशारा घेतला की तिन्ही अटी पाळल्या जातात. एक सावधगिरी मात्र हवी. काही गाड्यांत डीआरएलसोबत मागचे टेललाइट दिवसाही लागतात. अशा गाडीत पार्किंगचा इशारा घेतला तर डीआरएल कधी लागणारच नाही. तिथे इशारा डिपरचा घ्यावा लागतो आणि फॉगलाइटचा वेगळा. म्हणून आधी इंजिन चालू करून, स्विच बंद ठेवून, मागे जाऊन बघा काय लागलंय ते.

आता पहिल्या मागणीकडे येतो, "फॉगलाइट पार्किंगशिवाय लागायला हवेत." ही मागणी मला सगळ्यात जास्त खटकते. मूळ वायरिंगमध्ये फॉगलाइटच्या स्विचला सप्लाय पार्किंगकडून येतो तो यासाठी की पुढचे फॉगलाइट लावलेल्या गाडीचे मागचे लाल दिवे लागलेलेच असावेत. धुक्यात फॉगलाइट लावून निघालेला माणूस पुढे बघत असतो. त्याच्या समोर रस्ता उजळलेला असतो, डॅशबोर्डवर फॉगचं हिरवं चिन्ह असतं, त्याला सगळं ठीक वाटतं. मागून येणाऱ्याला मात्र त्या करड्या भिंतीत लाल ठिपका दिसायला हवा, आणि तोच आपण एका वायरीने काढून घेतलेला असतो. शिवाय वर सांगितलेला डीआरएलचा रिलेही आता फसतो. फॉगलाइट पार्किंगशिवाय लागले तर रिलेला इशाराच मिळत नाही, आणि डीआरएल फॉगलाइटच्या बरोबरीने पूर्ण तेजाने धुक्यात जळत राहतो. एक अट तोडली की तिच्यावर उभ्या असलेल्या दुसऱ्या अटीही जातात.

मागचा अंधार हा नुसत्या मॉडिफिकेशनचा प्रश्न नाही. कारखान्यातून आलेल्या कित्येक गाड्यांतही डीआरएल पुढे लागतो आणि मागे काहीच लागत नाही, आणि नियमाने तसं चालतं. संध्याकाळी डॅशबोर्ड उजळलेला, पुढे प्रकाश पडलेला, म्हणून चालकाला वाटतं लाइट लावलेत. कॅनडाने 1990 च्या सुमारास नव्या गाड्यांना डीआरएल सक्तीचा केला, आणि नंतर हाच घोटाळा मिटवण्यासाठी नियम बदलले. सप्टेंबर 2021 पासून तिथल्या नव्या गाड्यांत तीनपैकी एक सोय असावी लागते: डीआरएलसोबत टेललाइटही लागावेत, किंवा अंधारात सगळे दिवे आपोआप लागावेत, किंवा चालकाने लाइट लावेपर्यंत डॅशबोर्ड काळा राहावा. ज्याला आपल्या गाडीत खरोखर उपयोगाचा बदल करून घ्यायचा आहे त्याला मी डीआरएलसोबत टेललाइट लावून देण्याचं सुचवतो. जिथे कोडिंगमध्ये, म्हणजे यंत्र जोडून बदलता येणाऱ्या गाडीच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये, तशी सोय आहे तिथे एकही वायर न कापता हे होतं.

फॉगलाइटच डीआरएल म्हणून वापरायची मागणी वरवर शहाणपणाची वाटते. दिवा आहेच, जागा आहेच, नवं काही विकत घ्यायला नको. पण फॉगलाइटची घडणच उलट कामासाठी आहे. त्याचा झोत रुंद, आखूड आणि वरून कापलेला असतो, कारण धुक्यात वर गेलेला प्रकाश पाण्याच्या बारीक थेंबांवर आदळून चालकाकडेच परत येतो. दिवा खाली बसवलेला असतो तोही याचसाठी. 48 क्रमांकाच्या नियमात प्रवासी गाडीच्या पुढच्या फॉगलाइटची उंची जमिनीपासून 250 ते 800 मिलिमीटरच्या दरम्यान आहे. दिवसा समोरच्याच्या डोळ्यांपर्यंत जो आडवा प्रकाश पोचायला हवा, नेमका तोच फॉगलाइट दाबून टाकतो. म्हणजे दिवसा तो डीआरएल म्हणून कमी पडतो. आणि दोन 55 वॅटचे हॅलोजन दिवसभर 110 वॅट खात राहतात, त्यांचं आयुष्य संपतं, आणि खऱ्या धुक्याच्या पहाटे एक बाजू गेलेली असते. एलईडीचा प्रमाणित डीआरएल हे काम दहा-पंधरा वॅटच्या आत करतो.

तो प्रमाणित आहे की नाही हे काचेवर वाचता येतं, हेही सांगून ठेवतो. वर्तुळात इंग्रजी 'ई' आणि देशाचा आकडा, आणि जवळ 'आरएल' ही अक्षरं असतील तर तो डीआरएल म्हणून तपासलेला आहे. पुढच्या फॉगलाइटवर 'बी' किंवा 'एफ3' असतं. यांपैकी काही नसलेली चकाकती पट्टी विकणारा काहीही सांगो, त्या पट्टीची तीव्रता कोणी मोजलेली नसते. जागेचंही तसंच. डीआरएल 250 ते 1500 मिलिमीटर उंचीत आणि दोन दिव्यांच्या आतल्या कडांमध्ये किमान 600 मिलिमीटर अंतर ठेवून बसवायचा असतो, अगदी अरुंद गाडीला 400 चालतं. जाळीच्या मधोमध दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या तर लांबून येणाऱ्याला ती मोटारसायकल वाटू शकते, आणि तो बाजूने जागा काढायला जातो.

इंडिकेटरचा मुद्दा सहज सुटतो. डीआरएल आणि पुढचा इंडिकेटर यांच्यात 40 मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतर असेल तर इंडिकेटर लागताना त्या बाजूचा डीआरएल विझवण्याची किंवा मंद करण्याची मुभा नियमात आहे. ही सोय वापरावी असं माझं मत आहे, कारण प्रखर पांढऱ्याला खेटून लुकलुकणारा पिवळा दिवसा ओळखूच येत नाही.

मागच्या फॉगलाइटबद्दल थोडक्यात. तो डिपर, अपर किंवा पुढचा फॉगलाइट लागलेला असतानाच लागायला हवा, आणि ब्रेकलाइटपासून 100 मिलिमीटरपेक्षा जास्त लांब हवा. एकच असेल तर रस्त्याच्या मध्याकडच्या बाजूला किंवा गाडीच्या मधोमध. त्याला ब्रेकच्या वायरीवर टाकून 'जादा ब्रेकलाइट' बनवून देऊ नका. मागून येणाऱ्याचे डोळे प्रत्येक ब्रेकला दिपतात, आणि धुक्यात तो लागला की ब्रेक मारला की नाही हे कळत नाही.

आता सप्लायबद्दल, कारण आग इथून लागते.

दोन 55 वॅटचे फॉगलाइट मिळून साधारण 9 अँपिअर ओढतात. मूळ पार्किंगची वायर किंवा डॅशबोर्डवरचा छोटा स्विच एवढ्या करंटसाठी बनलेला नसतो. म्हणून रिले. रिलेची कॉइल अँपिअरच्या पाचव्या भागाइतकाच करंट घेते, तो स्विचमधून जाऊ द्या. दिव्याचा करंट बॅटरीकडून 15 अँपिअरच्या फ्यूजमधून थेट रिलेच्या 30 ला, आणि 87 वरून दिव्यांना. बॅटरीकडून येणारी सामाईक वायर 2.5 स्क्वेअर मिलिमीटरची आणि प्रत्येक दिव्याकडे जाणारी 1.5 ची घेतली तर काळजी नाही. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात बसवा. फ्यूज वायरीला वाचवतो. तो दिव्यापाशी बसवला तर बॅटरीपासून तिथपर्यंतचा सगळा पल्ला उघडा राहतो, आणि पत्र्याच्या कडेवर वायर घासली की वितळून लाल होईपर्यंत तिला थांबवणारं कोणी नसतं. फ्यूज सारखा उडतो म्हणून 15 च्या जागी 30 चा टाकलेला मी पाहिला आहे. कृपा करून असं करू नका. उडणारा फ्यूज खरं बोलत असतो. शॉर्ट कुठे आहे ते शोधा.

वायर बारीक असली तर आणखी एक गोष्ट होते. हॅलोजन दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताप्रमाणे बदलतो. वायरीत आणि जोडांत मिळून 10 टक्के व्होल्टेज पडलं तर जवळपास 30 टक्के प्रकाश जातो. गिऱ्हाईक म्हणतं फॉगलाइट मंद आहेत, आणि आपण त्याला जास्त वॅटचा बल्ब देतो. मग करंट वाढतो, वायर आणखी तापते, होल्डर पिवळा पडून तडकतो. त्याऐवजी दिवा चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर आणि दिव्याच्या होल्डरवर मल्टिमीटर लावा. दोन्हींतला फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर दोष वायरीत, जोडात किंवा अर्थमध्ये आहे. बहुतेकदा अर्थमध्येच. रंगावर दाबलेल्या लगला (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्याला) अर्थ म्हणत नाहीत. रंग खरवडा, लग नीट दाबून बोल्ट आवळा, वरून ग्रीस लावा.

जोडांविषयी सांगायचं तर वायर सोलून पीळ मारून काळी टेप गुंडाळणं ही बोनेटखाली टिकणारी गोष्ट नाही. उष्णतेने टेपचा चिकट थर सुटतो, पाणी आत जातं, तांबं हिरवं होतं. मूळ वायरीला चिमटा मारून सप्लाय घेणारे निळे-लाल टॅप कनेक्टर मी ओल्या जागी वापरत नाही, कारण ते मूळ वायरीच्याच तारा कापतात आणि मग कंपनीचा दिवाही लुकलुकायला लागतो. योग्य मापाचा स्लीव्ह दाबून वर गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवायला पाच मिनिटं जास्त लागतात. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायर नेताना भोकात ग्रोमेट (रबरी कडं) हवंच. आणि डॅशबोर्डखाली पिवळ्या स्लीव्हच्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी दिसल्या तर त्यांच्याजवळ टेस्ट लॅम्पही नेऊ नका, त्या एअरबॅगच्या असतात. टेस्ट लॅम्पमधून जाणारा करंट एअरबॅग उडवायला पुरेसा ठरू शकतो. डॅशबोर्ड उघडायचा असेल तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि निर्मात्याने सांगितला असेल तेवढा वेळ थांबा.

इथपर्यंतचं सगळं जुन्या पद्धतीच्या वायरिंगला लागू पडतं. नव्या गाडीत पहिला प्रश्न हा असतो की ही वायर खरोखर दिव्याची वायर आहे का. लाइटचा दांडा आता बहुतेक गाड्यांत दिव्याचा करंट वाहत नाही. तो बॉडी कंट्रोल मॉड्यूलला, म्हणजे बीसीएमला, फक्त इशारा देतो. कधी तो इशारा वेगवेगळ्या रोधांमधून आलेलं व्होल्टेज असतं, कधी डेटा लाइनवरचा संदेश. तिथे रिलेची कॉइल टाकली तर बीसीएमला चुकीचा इशारा जातो आणि वायपर, इंडिकेटर, काहीही वेडंवाकडं वागू लागतं. दिव्याकडे जाणारी वायरही साधी नसते. बीसीएम ती सेकंदाला शंभरहून अधिक वेळा चालू-बंद करून तीव्रता ठरवतो. मल्टिमीटरवर सरासरी दिसते, 7 किंवा 9 व्होल्ट, आणि आपल्याला वाटतं व्होल्टेज पडतंय. त्या वायरीवर साधा रिले लावला की तो गुणगुणतो आणि काही आठवड्यांत त्याचे पॉइंट जळतात. अशा गाडीत इशारा मधे डायोड आणि कपॅसिटर ठेवून घ्यावा लागतो, किंवा अशा सप्लायसाठीच बनवलेलं मॉड्यूल लागतं.

बीसीएमच्या आत प्रत्येक दिव्यासाठी इलेक्ट्रॉनिक स्विच असतो आणि तो करंटवर नजर ठेवतो. जास्त लोड टाकला की तो बंद करतो. काही गाड्यांत हे पुन्हा पुन्हा झालं तर तो मार्ग कायमचा कुलूपबंद होतो, आणि बल्ब बदलला, फ्यूज बदलला तरी दिवा लागत नाही. उलट एलईडी लावली की करंट फार कमी जातो आणि मॉड्यूल 'बल्ब गेला' म्हणतं. मग रोध जोडतात. 6 ओहमचा रोध 13.8 व्होल्टला जवळपास 32 वॅट उष्णता टाकतो. तो टेपने गुंडाळून प्लास्टिकच्या बंपरला बांधलेला असेल तर प्लास्टिक वितळणारच. लावायचाच असेल तर उघड्या पत्र्यावर स्क्रूने बसवा. पण त्याआधी कोडिंगमध्ये तो दिवा एलईडी म्हणून नोंदवता येतो का ते पाहा.

कोडिंगचा मार्ग आपल्यातले बरेच जण टाळतात, कारण त्यासाठी यंत्र लागतं आणि वेळ जातो. पण ज्या मॉडेलच्या वरच्या श्रेणीत फॉगलाइट येतात, त्याच्या खालच्या श्रेणीतही अनेकदा बीसीएममध्ये फॉगचा मार्ग रिकामा असतो, कधी बंपरच्या मागे कपलरही लटकत असतो. तिथे कंपनीचा हार्नेस (तयार वायरींचा संच), कंपनीचा स्विच आणि कोडिंग केलं की पार्किंगची अट, डीआरएल विझण्याची अट, डॅशबोर्डवरचं चिन्ह, सगळं आपोआप येतं. खर्च जास्त असतो हे मान्य. तरी गिऱ्हाइकाला हा पर्याय आधी सांगायला हवा, मग त्याने ठरवावं.

बाजारातल्या डीआरएल कंट्रोलरबद्दल एक अनुभव. यातले पुष्कळ कंट्रोलर बॅटरीचं व्होल्टेज बघून इंजिन चालू आहे असं समजतात. साधारण 13 व्होल्टच्या वर गेलं की दिवा चालू, खाली आलं की बंद. नव्या गाड्यांत अल्टरनेटर सतत चार्जिंग करत नाही. बॅटरी भरली की तो व्होल्टेज खाली आणतो, ब्रेक दाबला की वर नेतो. अशा गाडीत डीआरएल चालता चालता विझतो आणि लागतो, आणि समोरचा समजतो आपल्याला इशारा दिला. तिथे इग्निशनचाच सप्लाय घ्या. बॅटरीचा थेट सप्लाय मात्र कधीच नको. दोन्ही डीआरएल मिळून 1 अँपिअर घेत असतील तर 45 अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवस उभ्या असलेल्या गाडीत रिकामी होते.

हॅलोजनच्या फॉगलाइटमध्ये एलईडी बल्ब घालून देण्याबद्दलही बोललं पाहिजे. फॉगलाइटचा रिफ्लेक्टर तारेच्या एका ठराविक जागेसाठी आखलेला असतो. एलईडीच्या चिप त्या जागी, त्या आकाराच्या नसतात, आणि कटऑफ फुटतो. भिंतीसमोर दहा मीटरवर गाडी उभी करून बघा: मूळ बल्बने भिंतीवर आडवी रेघ दिसते, आणि ती दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण 20 सेंटिमीटर खाली असावी. एलईडी घातल्यावर त्या रेघेच्या वर धूसर डाग दिसले तर तोच प्रकाश धुक्यात परत येणार आहे. पांढऱ्या-निळसर प्रकाशाने धुकं भेदलं जातं ही समजूतही सोडून द्यायला हवी. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुक्यात उपयोग होतो तो झोताच्या आकाराचा आणि दिव्याच्या उंचीचा.

काही कामांना आपण सरळ नाही म्हटलं पाहिजे. फॉगलाइट पार्किंगपासून तोडणं, रात्री डीआरएल पूर्ण तेजाने चालू ठेवणं, डीआरएलमध्ये लाल-निळे रंग बसवणं, मागचा फॉग ब्रेकला जोडणं. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल हे मला ठाऊक आहे. तसं प्रत्येक वेळी होत नाही. पाठीमागे उभं करून, बंद पडलेले टेललाइट दाखवून कारण सांगितलं तर बहुतेक माणसं ऐकतात. त्यांना मागून आपली गाडी कशी दिसते ते कोणी दाखवलेलंच नसतं.

डीआरएल बंद करण्याच्या स्विचची मागणी थोडी वेगळी आहे. गाडी उभी करून आत बसायचं असतं, कुणाच्या घरासमोर थांबायचं असतं, तेव्हा दिवा नको वाटतो, आणि ती गैरसोय खरी आहे. काही गाड्यांत हँडब्रेक ओढल्यावर डीआरएल विझवण्याची सोय कोडिंगमध्ये असते. ती असेल तर तीच द्या. कायमचा स्विच दिला तर तो एकदा बंद होतो आणि तसाच राहतो.

शेवटची विनंती कागदाची आहे. काम झालं की कोणत्या वायरीचा इशारा घेतला, रिले कुठे बसवला, फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे आहे, हे एका कागदावर आकृतीसह लिहा, तारीख टाका आणि गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवायला द्या. रिलेवर चिठ्ठी चिकटवा. पुढे कधी ती गाडी धक्का लागून बंपर बदलायला दुसऱ्या कारागिराकडे जाईल. कागद नसेल तर तो अंदाजाने वायरी जोडेल, आणि जी वायर कशाची ते त्याला कळणार नाही ती टेप लावून मोकळी सोडेल.

आपला नम्र,
याच कामातला एक वायरमन